क्षेपणास्त्रांचा माग काढणारी जहाजं: किनाऱ्यावरच्या रडारवर का भागत नाही?

गंगापूररोडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांनी ‘आयएनएस ध्रुव’सारखं क्षेपणास्त्रांचा माग काढणारं जहाज हा विषय घेतला आहे. थर्माकोलचं जहाज, वर दोन पांढरे गोळे आणि खाली माहितीचा तक्ता, एवढ्यावर थांबायचं नाही. काहीतरी चालतं-हलतं दाखवायचं आहे.

अडचण अशी की परीक्षक हमखास विचारणार: ओडिशाच्या किनाऱ्यावर एवढी मोठी रडार असताना जहाज कशाला? मुलांचं उत्तर आहे ‘पृथ्वी गोल आहे म्हणून’. बरोबर आहे, पण आकडे नाहीत. शिवाय एका मुलाचा बिनतोड प्रश्न आहे, रडार उंच डोंगरावर ठेवलं तर? कळसूबाईवर ठेवू या म्हणतो. दुसरं म्हणजे डोलणाऱ्या जहाजावरून अँटेना नेमकी कशी रोखतात आणि ते मॉडेलमध्ये कसं दाखवता येईल? खर्च हजार-दीड हजारात बसला पाहिजे.

---

क्षितिज_४१२

कळसूबाईपासूनच सुरू करू. रडारचं क्षितिज काढायचं सोपं सूत्र: अंतर किलोमीटरमध्ये = ४.१२ × √उंची, उंची मीटरमध्ये. हवेमुळे रेडिओलहरी किंचित खाली वाकतात, तो हिशेब ४.१२ मध्ये आलेला आहे. कळसूबाई १६४६ मीटर. वर्गमूळ साधारण ४०.६, म्हणजे १६७ किमी. महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखरावरून समुद्रसपाटीवरची वस्तू एवढ्याच अंतरापर्यंत दिसेल. जहाजावर ३० मीटर उंचीवर अँटेना असेल तर हाच आकडा २३ किमी. डोंगर चढून कमाई फक्त १४४ किमीची, आणि प्रश्न हजारो किलोमीटरचा आहे.

आता लक्ष्याची उंची धरा. दोन्ही उंचींची क्षितिजं काढून बेरीज करायची. क्षेपणास्त्राचा पुढचा भाग १० किमी उंचीवर असताना त्याचं क्षितिज ४१२ किमी, अधिक जहाजाचे २३, म्हणजे ४३५ किमीपर्यंत तो दिसतो. १०० किमी उंचीवर असताना सुमारे १३२५ किमी.

परीक्षकांसाठी मुख्य आकडा मात्र पुढचा. ५००० किमी पल्ल्याचं, कमीत कमी ऊर्जेच्या मार्गाने जाणारं क्षेपणास्त्र घ्या. पृथ्वीचं फिरणं आणि हवेचा रोध सोडून दिला तर त्याची कमाल उंची साधारण ९७५ किमी येते आणि इंजिनं थांबतानाचा वेग सेकंदाला ५.९ किमी. प्रक्षेपणस्थळावरचं रडार त्याला कुठवर पाहू शकतं? भूमिती मांडली तर सुमारे ३२०० किमीपर्यंत. त्या क्षणी ते अजून ८८५ किमी उंचावर असतं आणि तरीही किनाऱ्यावरून बघणाऱ्यासाठी मावळतं. उरलेले १८०० किमी, वातावरणात शिरण्याच्या सगळ्या टप्प्यासकट, किनाऱ्याला दिसतच नाहीत. मुलांना हे आलेखकागदावर काढायला लावा: पृथ्वीची त्रिज्या ६३७१ मिमीच्या जागी ६३.७ सेमी धरली की वाट साडेनऊ-दहा सेमी वर जाते आणि प्रक्षेपणबिंदूपाशी काढलेली स्पर्शरेषा तिला कुठे छेदते ते डोळ्यांना दिसतं.

आणि सगळी चाचणी ज्यासाठी असते तो भाग तर शेवटच्या १०० किमी उंचीतच असतो. तिरप्या वाटेने ते अंतर १८० किमीच्या आसपास भरतं, म्हणजे अर्धा-पाऊण मिनिट. उष्णतारोधक कवच टिकलं का, वेग कसा कमी झाला, नेमकं कुठे पडलं, हे त्या अर्ध्या मिनिटात कळतं. जहाज त्यासाठी तिथे उभं करायचं. ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून, म्हणजे प्रक्षेपणस्थळावरून, सरळ दक्षिणेला ५००० किमी मोजलं तर मकरवृत्ताच्या जवळपास, हिंदी महासागराच्या मधोमध येतं. तिथे रडार उभारायला जमीन नाही. १९ एप्रिल २०१२ च्या अग्नी-५ च्या पहिल्या चाचणीत मार्गाच्या मध्यावर आणि लक्ष्यापाशी जहाजं उभी केली होती.

---

नोटमवाचक

वरचं उत्तर छान आहे, एक पुरवणी जोडतो. हे फक्त क्षेपणास्त्रांपुरतं नाही. इस्रोलाही हीच अडचण येते. मंगळयानाच्या वेळी पीएसएलव्ही-सी२५ चा तिसरा टप्पा संपल्यावर चौथा पेटेपर्यंत पंचवीस मिनिटांच्या आसपास रॉकेट नुसतं तरंगत जाणार होतं, आणि चौथा पेटणार होता दक्षिण पॅसिफिकवर. तिथे भूस्थानक नाही. म्हणून शिपिंग कॉर्पोरेशनच्या ‘नालंदा’ आणि ‘यमुना’ या जहाजांवर टेलिमेट्रीची, म्हणजे रॉकेटने पाठवलेली माहिती झेलणारी, उपकरणं चढवून पाठवली. नालंदाला खराब हवामानामुळे फिजीजवळ पोचायला उशीर झाला आणि २८ ऑक्टोबर २०१३ चं उड्डाण ५ नोव्हेंबरवर गेलं. रॉकेट तयार, पण ऐकणारं जहाज जागेवर नाही म्हणून थांबले. तक्त्यावर हे उदाहरण घ्याच, मुलांना पटकन कळेल.

---

सर्किटभाऊ_सिडको

> रॉकेट तयार, पण ऐकणारं जहाज जागेवर नाही

बरोबर, पण ‘ऐकणं’ आणि ‘पाहणं’ इथेच वेगळं केलं पाहिजे, नाहीतर मॉडेलमध्ये गोंधळ होईल. नालंदा-यमुना ऐकणारी जहाजं होती. रॉकेट स्वतः एस बँडमध्ये, २२०० ते २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आपली माहिती पाठवतं. जहाजाने अँटेना रोखून ती फक्त घ्यायची. रडारला मात्र स्वतः लहर पाठवून परत आलेला प्रतिध्वनी पकडावा लागतो. टेलिमेट्रीचा सिग्नल अंतराच्या वर्गाने घटतो, रडारचा प्रतिध्वनी चौथ्या घाताने. ५०० किमीवरून ३५०० किमीवर गेलात तर टेलिमेट्री ४९ पट क्षीण होते, रडारचा प्रतिध्वनी २४०१ पट. आपल्याच चाचणीत क्षेपणास्त्रावर ट्रान्सपाँडर बसवता येतो, म्हणजे रडारची लहर पोचली की तो स्वतःच्या ताकदीने उत्तर देतो आणि हिशेब पुन्हा वर्गावर येतो. दुसऱ्याच्या क्षेपणास्त्रावर ट्रान्सपाँडर कोण बसवू देणार? म्हणून नुसती माहिती झेलणारं जहाज भाड्याच्या मालवाहू जहाजावर चार कंटेनर ठेवून होतं, आणि ‘ध्रुव’, अमेरिकेचं ‘हॉवर्ड ओ. लॉरेन्झन’ किंवा फ्रान्सचं ‘माँज’ यांना मोठी रडार आणि ती चालवायला वीजघर लागतं.

आता डोलण्याचं गणित. बीमची, म्हणजे अँटेना ज्या झोतात पाहते त्याची, रुंदी अंशांत ढोबळमानाने ७० × तरंगलांबी ÷ डिशचा व्यास. २२५० मेगाहर्ट्झला तरंगलांबी १३.३ सेमी. ४.६ मीटर व्यासाची डिश घेतली तर बीम साधारण २ अंश. जहाज दोन्ही बाजूंना १० अंश डोलतंय आणि एका हेलकाव्याला १० सेकंद लागतात असं धरा. कमाल कोनीय वेग = १० × २π ÷ १० = सेकंदाला ६.३ अंश. म्हणजे अँटेना नुसती डेकला बोल्ट मारून बसवली तर अर्ध्या सेकंदाच्या आत लक्ष्य बीमच्या बाहेर. बरं, लक्ष्यही स्थिर नाही: ५० किमीवरून आडवं ६ किमी वेगाने जाणारं काही असेल तर त्याचाच कोनीय वेग सेकंदाला ७ अंशांच्या जवळ जातो. दोन्ही एकत्र आले की मोटरींची परीक्षा.

यावर उपाय दोन पातळ्यांवर करतात. आधी जायरो सांगतो की जहाज आत्ता किती कललंय, आणि तेवढंच उलट्या दिशेने अँटेना वळवली जाते. उरलेली चूक मोनोपल्सने काढतात: अँटेनाच्या मध्यावर सिग्नल कुठल्या बाजूला जास्त आहे ते एकाच पल्समध्ये कळतं आणि बीम तिकडे सरकवला जातो. पहिली गोष्ट आंधळी पण जलद, दुसरी डोळस पण लक्ष्य आधीच बीममध्ये असेल तरच उपयोगाची. मॉडेलमध्ये पहिली दाखवा, दुसरीच्या नादी लागू नका.

---

डेकवरचा

सर्किटभाऊंनी चांगलं लिहिलंय, पण एक मोठी गोष्ट राहिली. लक्ष्य बीममध्ये धरणं हा अर्धाच भाग. ते ‘कुठे’ आहे हे सांगता आलं पाहिजे, आणि त्यासाठी जहाज स्वतः कुठे आहे आणि त्याचं नाक कुठल्या दिशेला आहे हे तितक्याच बारकाईने कळलं पाहिजे. किनाऱ्यावरचं रडार काँक्रीटच्या चौथऱ्यावर असतं, त्याची उत्तर दिशा एकदा मोजली की वर्षानुवर्षं तीच. जहाजाची क्षणाक्षणाला बदलते. ५०० किमीवर ०.०१ अंशाची चूक म्हणजे ८७ मीटर. जीपीएस जागा अचूक देतो, पण दिशेची ही चूक त्याने आपोआप जात नाही.

त्यात जहाजाचं पोलाद वाकतं. १७५ मीटर लांबीचा सांगाडा लाटांवर वाकतो, आणि एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला सावली असेल तर नुसत्या तापमानानेही पिळला जातो. जायरो जहाजाच्या पोटात ठेवला आणि अँटेना ४० मीटर पुढे असली, तर दोघांचा ‘सरळ’ वेगळा होतो. म्हणून मुख्य जायरो अँटेनाच्या बैठकीच्या शक्य तितक्या जवळ बसवतात, किंवा दोन ठिकाणांमधला पीळ प्रकाशकिरणाने सतत मोजतात. मोहिमेआधी ताऱ्यांवर दुर्बीण रोखून दिशा तपासून घेण्याची पद्धतही जुनी आहे.

घड्याळाचंही तसंच. सेकंदाला ६ किमी वेगाच्या वस्तूसाठी एक मिलिसेकंद चुकला तर सहा मीटर चुकले. जहाज, किनारा आणि दुसरं जहाज यांची नोंद नंतर एकत्र जोडायची असते, म्हणून सगळी घड्याळं एका वेळेला बांधलेली लागतात.

प्रत्यक्षात आणखी काय बिघडतं ते सांगतो, तक्त्याच्या कोपऱ्यात घालता येईल. क्षितिजालगत, तीन-चार अंशांखाली, सिग्नल थेट येतो तसा समुद्राच्या पाण्यावर आपटूनही येतो. दोन्ही एकमेकांना मारक ठरले की सिग्नल एकदम खाली जातो, आणि अँटेना पाण्यातल्या प्रतिबिंबाच्या मागे धावायला लागते. त्यामुळे सुरुवातीची पकड कमी कोनात करताना उभ्या दिशेचा स्वयंचलित माग बंद ठेवून आधी काढलेल्या वाटेवरच अँटेना चालवतात. याच्या बरोबर उलट टोक म्हणजे डोक्यावरून जाणारं लक्ष्य. दोन अक्षांची अँटेना ९० अंशांजवळ गेली की आडव्या मोटरीला क्षणात अर्धा फेरा मारावा लागतो, तो जमत नाही, माग तुटतो. तिसरा अक्ष दिला की सुटतं, नाहीतर जहाजच वाटेच्या बाजूला उभं करायचं. वाटेच्या खाली उभं राहू नये याला दुसरंही कारण आहे, ते सांगायला नको.

मग जहाजाच्या स्वतःच्या डोलकाठ्या आणि धुराडी. अँटेनाच्या नजरेत ती येतात, तेवढ्या दिशा आंधळ्या. म्हणून मोहिमेच्या वेळी जहाजाचं तोंड वाऱ्याच्या आणि लाटांच्या सोयीने ठेवायचं की अँटेनाच्या, ही ओढाताण असते. कमी वेगात जहाज जास्त डोलतं, हेही त्यात. उपग्रह संपर्काची उपकरणं आणि वाहतुकीची रडार त्या वेळी ठरावीक दिशांना बंद ठेवावी लागतात, नाहीतर आपलाच आवाज आपल्या कानात. मोठं रडार चालू असताना उघड्या डेकवर माणूस नको, हा नियम तर सगळ्यात आधी.

पांढरे गोळे म्हणजे रडार नव्हे, हे मुलांना सांगा. ते फक्त आवरण. आत वारा आणि खारं पाणी जाऊ नये म्हणून. पावसाच्या पाण्याचा पातळ थर गोळ्यावर बसला तरी एक्स बँडचा सिग्नल खाल्ला जातो, म्हणून त्याचा पृष्ठभाग पाणी न धरणारा ठेवतात.

---

गंगापूररोडकर

मंडळी, हे तर प्रदर्शनापेक्षा जास्त झालं! डेकवरचा साहेब, एक शंका. वातावरणात शिरताना सिग्नल तुटतो म्हणतात. मग जहाज त्या अर्ध्या मिनिटासाठी एवढं लांब जाऊन करतं काय?

---

डेकवरचा

तुटतो तो टेलिमेट्रीचा, तोही काही काळ. पुढच्या भागाभोवतीची हवा इतकी तापते की तिच्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि रेडिओलहरी अडवतात. उपाय असा की त्या काळातली मोजमापं आतच साठवायची आणि थोड्या विलंबाने पुन्हा पाठवायची. वेग कमी होऊन ते आवरण विरलं की नवी माहिती आणि साठवलेली माहिती एकाच वेळी येते. ती झेलायला कुणीतरी जवळ हवंच, कारण पाण्यात पडेपर्यंत फार तर काही सेकंद उरलेले असतात. रडार आणि अवरक्त कॅमेऱ्यांना तर उलट तोच काळ सोन्याचा: तापलेला भाग आणि मागची शेपटी दोन्ही दिसतात.

११ मार्च २०२४ च्या ‘दिव्यास्त्र’ चाचणीसारखी एका क्षेपणास्त्रातून अनेक मुखं (वेगवेगळ्या लक्ष्यांकडे जाणारे पुढचे भाग) सुटणारी चाचणी असेल तर एका डिशने भागत नाही. तिथे डिश न हलवता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बीम फिरवणारी रडार लागतात, एका मुखावरून दुसऱ्यावर सेकंदाच्या हजाराव्या भागात उडी मारता येणारी.

---

सर्किटभाऊ_सिडको

आता मॉडेल. लागणारं सामान: आर्डुइनो नॅनो, एमपीयू-६०५० सेन्सर (जायरो आणि ॲक्सेलरोमीटर एकत्र असलेला), धातूच्या दात्यांच्या दोन एमजी९०एस सर्व्हो मोटर, पॅन-टिल्टचा कंस, ५ व्होल्ट २ अँपिअरचा वेगळा ॲडॅप्टर, ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. एम.जी. रोडवर किंवा ऑनलाइन, बजेटात बसेल.

जहाजाची पाटी खाली अर्धगोलावर ठेवा म्हणजे हाताने डोलवता येईल. सेन्सर पाटीवर, अँटेनाच्या कंसाच्या अगदी पायाशी घट्ट स्क्रूने. दुहेरी चिकटपट्टीवर नको, ती लवचीक असते आणि वर डेकवरच्यांनी सांगितलेला पीळ तुमच्या मॉडेलमध्येच तयार होतो. सेन्सरचे अक्ष पाटीच्या कडांना समांतर. दोन सर्व्हो: एक रोल (आडवं डोलणं) उलटवणारा, त्यावर दुसरा पिच (पुढे-मागे डोलणं) उलटवणारा. टोकाला लहान एलईडी आणि भिंग, ठिपका भिंतीवरच्या कागदी लक्ष्यावर पडेल असा. लेसर वापरायचाच तर १ मिलिवॅटच्या आतला. बाजारात मिळणारे बरेचसे ५ चे असतात आणि समोर लहान मुलं उभी असतात, म्हणून मी एलईडीच सुचवेन.

प्रोग्रॅममध्ये सुरुवातीला पाटी स्थिर ठेवून ५०० वाचनांची सरासरी काढा आणि ती जायरोच्या प्रत्येक वाचनातून वजा करा. पुढे कोन = ०.९८ × (आधीचा कोन + जायरो × वेळ) + ०.०२ × ॲक्सेलरोमीटरचा कोन. नुसता जायरो हळूहळू सरकत जातो, नुसता ॲक्सेलरोमीटर पाटी ढकलली की तिलाच कलणं समजतो. दोघांचं हे मिश्रण. यॉ (उभ्या अक्षाभोवती वळण्याचा कोन) मात्र या सेन्सरवर सरकणारच, त्यात चुंबकीय होकायंत्र नाही. म्हणून पाटी उभ्या अक्षाभोवती फिरवू नका.

बिघाड कुठे येतील तेही लिहितो. आर्डुइनो मधेच रीसेट होत असेल तर सर्व्होला यूएसबीतून वीज दिलेली आहे. अडकलेला एक सर्व्हो अर्ध्या अँपिअरहून जास्त ओढतो. ॲडॅप्टर वेगळा, ग्राउंड मात्र एकच. कपॅसिटर सर्व्होजवळ. ठिपका थरथरत असेल तर अर्ध्या अंशापेक्षा लहान बदलाला सर्व्होला नवी आज्ञाच देऊ नका. ठिपका डोलण्याच्या मागे राहत असेल तर तो विलंब आहे: सर्व्होला आज्ञा दर २० मिलिसेकंदांनीच जाते. पाटी १० अंश, ४ सेकंदांच्या आवर्तनाने डोलवली तर कमाल वेग सेकंदाला १५.७ अंश, आणि ३० मिलिसेकंदांचा एकूण विलंब धरला तर जवळपास अर्धा अंश चूक. तीन मीटरवरच्या भिंतीवर ठिपका २५ मिमी हलतो.

ही चूक लपवू नका, मोजून दाखवा. लक्ष्यावर एक सेमीची वर्तुळं काढा, एक बटण ठेवा: बंद असताना ठिपका अर्धा मीटर इकडेतिकडे, चालू केल्यावर दोन-अडीच सेमीत. विलंब कमी करायचा असेल तर जायरोच्या वेगावरून ३० मिलिसेकंद पुढचा कोन आधीच काढून तोच सर्व्होला द्या. खऱ्या जहाजावरही हेच करतात, फक्त मोटर किलोवॅटच्या असतात.

---

नोटमवाचक

बातम्यांमध्ये चाचणीआधी नकाशे फिरतात, त्याबद्दल मुलांना परीक्षक विचारू शकतात म्हणून थोडक्यात. वैमानिकांसाठी नोटम (सावधगिरीची सूचना) निघतं, जहाजांसाठी नॅव्हएरिया ८ या आपल्या सागरी विभागाचा इशारा. त्याचं समन्वयाचं काम डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय करतं. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे. कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश अंश-मिनिट-सेकंदात एकामागोमाग एक लिहिलेले असतात. ते दशांशात टाकताना मिनिटांना ६० ने भागायला विसरलं की चौकोन भलतीकडे जातो, हा नेहमीचा घोटाळा. आणि चौकोनाची लांबी म्हणजे क्षेपणास्त्राचा पल्ला नव्हे. त्यात सुरक्षेची सोडलेली जागा असते, गळून पडणाऱ्या टप्प्यांची जागा असते.

चीनचं ‘युआन वांग ५’ १६ ऑगस्ट २०२२ ला श्रीलंकेच्या हंबनटोटाला लागलं तेव्हा त्याला सरसकट ‘हेरगिरीचं जहाज’ म्हटलं गेलं. तेही याच जातीचं, उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं. आपल्या उड्डाणावर रोखली तर मोजमाप, दुसऱ्याच्या उड्डाणावर रोखली तर टेहळणी, डिश तीच. त्या मालिकेतली पहिली दोन जहाजं १९८० मध्ये प्रशांत महासागरातल्या डीएफ-५ या चिनी क्षेपणास्त्राच्या चाचणीसाठी गेली होती.

---

क्षितिज_४१२

गंगापूररोडकर, वर लिहिताना घाई झाली: आलेखासाठी प्रमाण १ सेमी = १०० किमी असं लिहा, ‘मिमीच्या जागी’ नको. त्रिज्या ६३.७ सेमी, मार्गाचा माथा ९.८ सेमी, ५००० किमीचा कंस केंद्रापाशी ४५ अंश. साधा आलेखकागद पुरणार नाही, दोन कार्डशीट जोडा आणि कंपासऐवजी खिळा, दोरा, पेन्सिल घ्या. दोरा न ताणणारा हवा, शिवणाचा चालत नाही.